यादीत न आलेलं 'थांब'

मिसबाह धुळ्यात देवपूरला राहते आणि कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिन-यंत्रांचे प्रोग्राम लिहिते. स्वभावाने भित्री. दुधाने तोंड भाजलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारी, असं तिचे अब्बा हबीब म्हणतात. धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं.

तिच्या प्रोग्राममध्ये 'मूळ यंत्र' म्हणून एक भाग आहे. 'सुरू हो', 'थांब' या आज्ञा तिथे एकदाच लिहिलेल्या. जिन, पट्टा, प्रेस ही त्याची लेकरं; त्यांना त्या वारशाने मिळतात. अब्बांच्याच जिनिंगने नवा स्क्रीन घेतला, तेव्हा हा कोड तो स्क्रीन बसवणाऱ्या जळगावच्या हितेंद्रकडे, त्याच्या वेगळ्या प्रणालीत गेला. तिथे दिसणाऱ्या यादीतली एकूण एक आज्ञा मिसबाहने चालवून पाहिली. यादीत काय आलंच नाही, हे बघायचं मात्र राहिलं.

सोमवारी दुपारी हितेंद्रचा फोन आला. सकाळपासून सगळं झकास चालू आहे म्हणाला, आणि सहज बोलून गेला, "ताई, जिनच्या यादीत 'थांब' नव्हतं. म्हणून लाल बटणाला पट्ट्याचं 'कापूस रोख' जोडलं."

मिसबाहला चूक लगेच कळली. हितेंद्रच्या प्रणालीला फक्त लेकराच्या नावावर लिहिलेलं दिसत होतं, बापाकडून आलेलं नाही. म्हणजे बटण दाबलं की पट्ट्यावरून येणारा कापूस थांबणार, बटणाचा दिवा विझणार, आणि आत रूळ फिरतच राहणार. वीस जिनांच्या घरघरीत एक थांबला की नाही, कानाला कळत नाही. अडकलेला कापूस काढायला माणसं तिथेच हात घालतात.

तिने फिटर कौतिकभाऊंना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. आगीच्या धाकाने काडेपेटी आणि मोबाइल फाटकावर ठेवूनच आत जायचं, अशी तिथली रीत; त्यामुळेच असेल, असं तिला वाटलं. मग ऑफिसात फोन करून तिने कारकुनाला मेन स्विच पाडायला सांगितलं. तो बघतो म्हणाला. कौतिकभाऊ आज लग्नाला गेलेत, जिनांवर वना नावाचा नवा पोरगा आहे, हेही त्यानेच सांगितलं.

तिने अब्बांना सांगितलं. हात घालण्याआधी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी आत सारून रूळ थांबलेत का ते बघायचं, हे त्यांनी कौतिकला शिकवलं होतं. कौतिकने वनाला शिकवलं का, कोणाला ठाऊक. दोघं फोनकडे बघत बसली. मिसबाहने वनाला कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्याचा हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

वीस मिनिटांनी ऑफिसातून खुद्द वनाचा फोन आला. काडीचे तुकडे झाले होते, हात शाबूत होता. काडी कोणी शिकवली, तिने विचारलं.

"कोनी नई शिकाडी. कौतिकभाऊ टाकतस, म्हनीसन मी बी टाकस," तो म्हणाला. "आते नवं बटन उनं शे, सकायपाईन काडी सोडनार व्हतू."

उद्यापासून तो काडी सोडणार होता! मिसबाहला रडू फुटलं. मग संध्याकाळपर्यंत बसून तिने प्रत्येक यंत्राच्या नावाखाली बापाकडून आलेली एकेक आज्ञा उघड लिहून काढली, 'थांब' सगळ्यांत वर. अब्बांनी मोठा कागद आणि जाड पेन मागितला. काडीची रीत लिहून जिनिंगच्या भिंतीवर लावायची होती. त्यांनी लिहिलं, 'हात घालण्याआधी काडी घाला.' तिने पेन घेतला आणि खाली जोडलं, 'बटण नवं असलं तरी.'