तिच्या मुठीचे तांदूळ

माझे वडील हिंदी मुलुखातल्या मुरारच्या बाजारात उभे राहून येशूची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची, आणि त्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकलो. पुढे मी संस्थानी राजवटीविरुद्ध पत्रकं लिहिली, तेव्हा आवेश वडिलांचाच होता, फक्त मजकूर बदलला होता. छापलेल्या शब्दाने माणूस बदलतो, ही माझी श्रद्धा. बायकोची तशी नव्हती. आमच्या मुलीला तिने कधी पत्रक वाचून दाखवलं नाही. तिने तिला मूठ शिकवली.

आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत. भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ देवाच्या मडक्यात टाकायचे. मडकं भरलं की चर्चमध्ये द्यायचं, आणि सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी जे काही साठलं असेल ते सगळ्यांनी एका ढिगात रितं करायचं. रेशनवर जेमतेम तांदूळ मिळत तेव्हाही बायकोची मूठ सैल पडली नाही.

"अगं, निम्मी मूठ टाक की."

"मग देवानेही दिवस निम्माच द्यावा का?" असं म्हणून ती लेकीचा हात आपल्या हाताखाली धरून तांदळात घाली. कीड लागू नये म्हणून मडक्यात कडुनिंबाचा पाला असे.

एका पावसाळ्यात बायको तापाने गेली. मडकं निम्मं भरलेलं होतं. मी त्याचं तोंड फडक्याने बांधलं आणि ते वरच्या फळीवर ठेवून दिलं.

तोवर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. ते व्हायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण फौज मोडली, कचेऱ्या आधी इंदूरला, मग भोपाळला गेल्या, आणि त्यांच्यामागे चर्चमधल्या आमच्या बाकांवरची मराठी माणसं गेली. चर्चच्या पंचांनी सकाळची मराठी उपासना बंद केली. यापुढे सगळ्यांची एकच, हिंदीत. मी भडकलो. टोपी बाजारातल्या छापखान्यात पत्रक छापून घेतलं आणि रविवारी चर्चच्या दाराशी उभा राहिलो. माझ्या बायकोची अखेरपर्यंत शुश्रूषा केलेल्या म्हाताऱ्या नर्समावशींनी चष्मा पुसून ते तिथेच वाचलं.

"झणझणीत लिहिलंयस रे. पण वाचणार कोण? आता मराठी वाचणारे म्हणजे मी, तू आणि वरचे देवदूत."

"आमचं मडकं हिंदीच्या ढिगात जाणार नाही, मावशी. ते मराठी मंडळीसाठी साठवलेलं आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचा? की तिच्या हातचं आहे म्हणून?"

मी पुढच्या माणसाला पत्रक दिलं.

उपकारस्तुतीच्या रविवारी मी दाढी करून आत आलो, तर सात वर्षांची लेक मडकं पोटाशी धरून दारात उभी. स्टुलावर चढून तिने ते काढलं होतं.

"ठेव ते."

"बाबा, आज देना है."

"आईने ते आपल्या मराठी मंडळीसाठी ठेवलं होतं."

"नाही. देवासाठी. मैंने पूछा था."

"बाळ, हे आईच्या हातचे तांदूळ आहेत. असे आता पुन्हा मिळणार नाहीत."

मडकं तिने सोडलं नाही. "माझेपण आहेत त्यात. खाली माझा हात होता, वर आईचा. पण देवाला दिलेलं घरात ठेवलं तर ती चोरी. आई म्हणायची."

सभा गाजवलेला मी. चपला घालून तिच्यामागे निघालो.

वाटेत तिने मडकं माझ्या हातात दिलं नाही. चर्चमध्ये चादरीवर तांदळाचा ढीग आणि भोवती गहू, बाजरी, भोपळे, पेरू मांडले होते. सगळे हिंदीत गात होते, तीही गात पुढे गेली. तिने फडकं सोडलं आणि मडकं उपडं केलं. आधी वाळलेला पाला पडला, मग तांदूळ. पाळकांनी हाताने ढीग सारखा केला. मी डोळे फाडून पाहत होतो, पण बायकोचे दाणे कुठले आणि परक्यांचे कुठले, ते मला क्षणभरही ओळखता आलं नाही. लेक खाली बसली आणि पाल्याचं एकेक पान वेचून रिकाम्या मडक्यात टाकू लागली.

"हा देवाचा नाही," माझ्याशेजारी येऊन ती हळूच म्हणाली. "हा घरी चलेगा."

बायको गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथे, त्या हिंदी गाण्यात, रडलो. मावशींनी आपला पदर पुढे केला.

संध्याकाळी मी भातासाठी तांदूळ काढले. लेक मडकं घेऊन आली. तिने तांदळात हात घातला, मूठ भरली आणि तशीच थांबली. काय अडलंय ते मला कळेना. मग कळलं. वरून हात यायचा राहिला होता.

मी माझा हात ठेवला. आम्ही दोघांनी मूठ मडक्यात सोडली. तळाचा पालासुद्धा त्या मुठीने झाकला गेला नाही.