केळीच्या खोलीतून आणलेली डिस्क

जगातलं कुठलंही मशीन मरत नाही, ते फक्त रुसतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. अमळनेरात एका तेलाच्या मिलमध्ये त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलं. ती मिल बंद पडली, लोखंड भंगारात गेलं, आवारात बाभळी वाढल्या, तरी नाना कुणाला "मिल बंद पडली" म्हणू देत नाहीत. "बंद नही, थांबेल शे," म्हणतात, म्हणजे नुसती थांबलीय. माणसांबद्दल मात्र त्यांचा असा काही आग्रह नव्हता. गल्लीत कुणी गेलं तर टोपी घालून निघत, पोचवून येत, आंघोळ करून जेवायला बसत. पण कुणाची पाण्याची मोटर जळाली असं कानावर आलं की त्यांचा घास अडकायचा. ताट तसंच सारून, पान्ह्यांची पिशवी काखेत मारून ते त्या घरी जाऊन उभे राहायचे, आणि घरातल्यांनी "नाना, राहू द्या, नवीन घेतो" म्हटलं तर असे बघायचे, जणू आजारी माणसासमोर कुणी तिरडीचं बोललं.

त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू चालायची, यात शंका नाही. फक्त ती आपल्या मर्जीने चालायची. आमचा पंखा त्यांनी उघडून बसवला तेव्हापासून उलटा फिरतो आणि सगळा वारा छताला लागतो. मी भीत भीत सांगितलं तर म्हणाले, "वारा तर शे ना माय? कोठे तरी लागी राहिना ना?" स्वतःच्या घरातल्या फ्रिजचं तर त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की त्यात संध्याकाळी ठेवलेल्या दुधाचं सकाळी दही व्हायचं. अक्का, म्हणजे नानांची बायको, त्या वेळी हिंडत्याफिरत्या होत्या. त्या फ्रिजमध्ये डाळी ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "कपाट चांगलं शे, मुंग्या लागत नहीत." नाना रागवत नसत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्रिजला टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून ऐकत बसत. मिलमध्ये बेअरिंगचा आवाज असाच ऐकायचे म्हणे. पुढे अक्कांच्या छातीत पहिल्यांदा घरघर सुरू झाली, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत नानांचा हात पिशवीतल्या त्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेलेला मी पाहिला. मग त्यांनी तो परत ठेवला आणि पिशवीचा बंद आवळला.

त्या घरात कॉम्प्युटर आला तो मुलीच्या शिक्षणासाठी. मुलगी लग्न होऊन गेली, कॉम्प्युटर मागे राहिला. नानांच्या लेखी ते 'मशीन', आणि खालचा डबा म्हणजे मशीनचं पोट. पोटाचं झाकण त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात काढलं ते पुन्हा लावलं नाही. उघडं पोट गार राहतं, असं त्यांचं म्हणणं. उघड्या पोटात आमच्याकडची धूळ बसणारच. मग ते स्कूटरच्या पायाशी मशीन ठेवून, लेकराला धरावं तसं दोन गुडघ्यांत दाबून पंक्चरच्या दुकानात न्यायचे आणि हवेच्या नळीने फुंकून आणायचे. आतल्या पट्ट्या काढून खोडरबरने पुसायचे. पंखा कुरकुरला तर माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी मागून नेऊन एक थेंब सोडायचे. आणि खरं सांगते, चालायचं. पडदा गोठला, बाण हलेना, तर आधी सगळ्या वायरी काढून मशीनला जरा पडू द्यायचे. भर उन्हाळ्यात दुपारी त्याला सक्तीची झोप, खाली माठाखाली घालतात तसं ओलं गोणपाट. कुणी हसलं तर म्हणायचे, "ह्या उन्हात तू तरी चालशी का?"

हे सगळं तेव्हा गमतीचं होतं. मग अक्कांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी रोज सकाळी त्यांना आंघोळ घालायला, वेणी घालायला जाऊ लागले, कारण नानांचे हात लोखंडाला सरावलेले. त्यांनी वेणी आवळली की अक्कांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अक्कांचे मांडे सगळ्या गल्लीत गाजलेले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. एवढा पातळ की त्यातून पलीकडचं माणूस दिसावं. लग्नकार्य असलं की लोक आचाऱ्याच्या आधी अक्कांना सांगून ठेवत. आता तो उजवा हात पांघरुणावर ठेवला तर तिथेच राहायचा. अक्का त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. दुसऱ्या कुणाची वस्तू आपल्याजवळ विसरून राहिली असावी, तशा.

एके दिवशी नानांनी सहज मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात बराच वेळ अक्का मांडवाच्या मागच्या बाजूला चुलीपुढे बसून मांडे करतात. दोन्ही हात भराभर चालतायत, मध्येच कुणाला तरी हाक मारतायत, पदराने घाम पुसतायत. पलंगावरच्या अक्का ते बघत राहिल्या. संपलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर थाप मारली. पुन्हा लावा. तेव्हापासून रोज दुपारी तो व्हिडिओ, आणि त्यातही मांडे. आता त्या दुपारीच मशीनला झोपवायची नानांची शिस्त होती. ती त्यांनी मोडली. नाना स्वतः मात्र पडद्याकडे कधी बघत नसत. ते मशीनच्या मागे बसून स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून असत. पुढे मांडे चालले, मागे नाना ऐकतायत, असं आमचं रोजचं.

हा व्हिडिओ दुसरीकडे कुठेही नव्हता. मूळ सीडी नानांनी मशीनमध्ये भरून झाल्यावर, आता हिचं काय काम म्हणून, पोपट येऊ नयेत यासाठी अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगली होती. दोन उन्हाळ्यांत ती काचेसारखी पारदर्शक झाली. पोपट तिच्याशेजारी बसून पेरू खायचे. फोटोग्राफर दुकान बंद करून गाव सोडून गेलेला. मुलीकडे एक सीडी होती, पण तिचं लग्न टिकलं नाही, आणि तिने ती मोडून टाकली. ती आता पुण्यात नोकरी करते. फोनवर एकदाच म्हणाली, "नाना, मशीनमध्ये असेल ना, तेही पुसून टाका." नाना म्हणाले, "पुसलं बेटा." ती घरी यायची तेव्हा मशीनवर चादर असायची आणि नाना सांगायचे, बिघडलंय. चार दिवस अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मुलीला वाटायचं आई आपल्यावर रुसली. मला सगळं माहीत होतं, पण त्या घरात माझं तोंड उघडायचं नाही.

मग मशीन त्या एका जागी अडायला लागलं. अक्कांनी मांडा हातांवर मोठा केलाय, कोपरापर्यंत आलाय, आता खापरावर टाकणार, आणि तिथेच सगळं गोठायचं. मांडा हवेत. आतून टक, टक, टक आवाज. अक्का बघत राहायच्या, नाना धावायचे. वायरी काढ, पडू दे, पुन्हा लाव, पुन्हा मांडा हवेतच. मला तर घरी चपात्या करताना हात थांबल्यासारखा वाटायचा. शेवटी नाना मशीन घेऊन गाडीने जळगावला गेले. तिथे दुरुस्तीचं दुकान एक ताई चालवतात. घरी आल्यावर नानांनी सगळं बोलणं जसंच्या तसं मला ऐकवलं.

"काका, हार्ड डिस्कवर खराब जागा झाल्यात. वाचताना तिथे अडखळते."

"म्हणजे मांड्याचीच जागा खराब झाली?"

"मांडा कसला, काका?"

"ते राहू द्या. बेअरिंग बदला."

"हे बदलायचं नसतं. आठ दिवस ठेवून जा. जमेल तेवढं दुसरीकडे उतरवून देते."

"आठ दिवस ती काय बघेल?"

ताईंना काही कळलं नसणार. नानांनी मशीन उचललं आणि आले. नक्कल उतरवायला एक छोटी पट्टी तेवढी ताईंनी त्यांना दिली होती, पेन ड्राइव्ह. ती त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात, पेनाच्या जागी लावली. मशीन हातात असताना नक्कल कशाला, हे तोंडाने म्हणत होते, पण खिशाला सारखा हात लावून बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

त्या वर्षी मे महिना असा तापला की पत्र्याकडे बघवत नव्हतं. लाइट जायची, यायची. एका दुपारी मशीन सुरूच झालं नाही. नुसती टकटक. नानांनी ऐकून ऐकून कान लाल केला. मग त्यांनी मोबाइलवर कुणाचं तरी ऐकलं की मेलेली डिस्क गारठवली तर एकदा, थोडा वेळ, चालते. 'मेलेली' हा शब्द त्यांनी मला सांगताना गाळला. जळगावच्या ताईंना फोन केला. ताई ओरडल्या, "काका, नका करू. आणि करणारच असाल तर आधी पूर्ण कोरडी होऊ द्या. चालली तर पहिली नक्कल काढा, बाकी काही नाही. ऐकलं का? पहिली नक्कल."

गारठवायची कुठे? घरचा फ्रिज तर त्यांनीच दुरुस्त केलेला. मिलमधला त्यांचा एक जुना सोबती रावेरकडे केळीच्या धंद्यात आहे. तिथे केळी पिकवायची बंद खोली असते, बाहेर कितीही आग असो, आत गार. नाना डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून एसटीने तिकडे गेले. सोबत्याने म्हणे हात जोडले, "नाना, हाई केळीनी खोली शे, दवाखाना नही." नाना म्हणाले, "केळीले मानवस तर हिले बी मानवी." घडांच्या मधोमध डिस्क ठेवली आणि ते दाराबाहेर बसून राहिले, आत कुणाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे.

परत आले ते दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वाटेत गारवा जाऊ नये म्हणून डब्याला ओलं गोणपाट गुंडाळून. डबा उघडला तर पिकल्या केळीचा वास घरभर. डिस्कला दव सुटलेलं, माठाला सुटतं तसं. मी म्हटलं, "नाना, ओली आहे." त्यांनी टॉवेलने पुसली, फुंकली, पुन्हा पुसली. लाइट होती, पण किती वेळ राहील सांगता येत नव्हतं. त्यांनी डिस्क जोडली, बटण दाबलं, आणि मशीन सुरू झालं. टकटक नाही, काही नाही. नानांनी वरच्या खिशातली पट्टी काढली. ती मशीनला लावणार, तेवढ्यात अक्कांनी पलंगाच्या कडेवर थाप मारली.

नाना तसेच उभे राहिले. एका हातात पट्टी, आणि समोर अक्कांचे डोळे. "जरासं थांब," म्हणाले. अक्कांनी पुन्हा थाप मारली. ताईंचं बोलणं नानांना आठवत नसेल असं नाही. त्यांनी पट्टी परत वरच्या खिशात ठेवली आणि व्हिडिओ लावला. त्या दिवशी ते मागे गेले नाहीत. अक्कांच्या शेजारी पलंगावर बसले.

गोळा हातावर आला. मोठा झाला. कोपरापर्यंत गेला. आणि इतक्या दिवसांनी तो मांडा खाली आला, खापरावर पसरला, अक्कांनी कडा सारख्या केल्या आणि मागे बघून कुणाला तरी हसल्या. "देख," नाना म्हणाले, "तुना हात देख." पडद्यातल्या अक्कांनी दुसरा गोळा उचलला आणि पडदा काळा झाला. आत काहीतरी घासल्यासारखा बारीक आवाज आला, मग तोही नाही. नाना उठले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घेतला नाही. पुढे जळगावच्या ताईंनी डिस्क हलवून पाहिली आणि परत दिली. मुलीचा फोन आला तेव्हा नाना म्हणाले, "मशीन कायमचं बंद पडनं बेटा." 'थांबेल शे' नाही म्हणाले. ती म्हणाली, "बरं झालं, नाना. जागा तरी मोकळी होईल." नानांनी फोन बंद झाल्यावरही कानाला तसाच धरून ठेवला.

अक्का जेवेनात. दुपार झाली की काळ्या पडद्याकडे बघायच्या आणि थाप मारायच्या. मग एके दिवशी नाना खुर्ची ओढून पलंगापाशी बसले आणि सांगायला लागले. मांडव कुठे होता, चूल कुठे होती, कोण कोण आलं होतं. लग्नात धांदलीत आणि पुढे रोज मशीनमागे, त्यामुळे तो एक मांडा सोडला तर नीट बघितलेलं काहीच नव्हतं, आणि बरंच चुकीचं सांगत होते. अक्का छताकडे बघत होत्या. नाना सांगत सांगत मांड्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आन मंग तुना मांडा फाटना."

फाटला म्हणे! अक्कांची मान वळली. त्यांचा मांडा जन्मात कधी फाटला नव्हता. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा शब्द फुटला. "नही."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. नाना शांतपणे म्हणाले, "कसा नही? फाटनाच." "नही!" त्या दिवशी अक्का अर्धी वाटी वरणभात जेवल्या. मग हे रोजचं झालं. नाना रोज मांडा फाडायचे, अक्का रोज भांडायच्या. बाकी कुठला शब्द त्यांना कधी आला नाही, हा एकच. नानांना खरंच माहीत नव्हतं की ते मुद्दाम करायचे, हे मी विचारलं नाही. तसं मी कुणालाच काही विचारत नाही.

अक्का त्या थंडीत गेल्या. मुलगी आली, दिवस झाले, ती परत गेली. नाना आताही कुणाची मोटर जळाली तर जातात, पण ताट आधी संपवतात. दुपारी मी इकडे शिलाई करत असते. भिंत पातळ आहे, पलीकडून त्यांचा आवाज येतो. मांडव, चूल, आलेगेले, सगळं सांगतात. "आन मंग तुना मांडा फाटना," म्हणतात आणि थांबतात. मीही पायडलवरचा पाय थांबवते. मग हळूच, स्वतःशीच म्हणतात, "नही फाटना."