बेसिनमध्ये ओतलेलं लॅक्टेट

मंडळी, आज आठवड्याभराचं काम मी माझ्याच हातानं बेसिनमध्ये ओतलं.

सांगलीत पीएचडी करते. दमछाक झालेल्या पेशी लॅक्टेट बाहेर टाकतात. आधी ते टाकाऊच समजायचे. पण तेच प्रथिनांना चिकटून पेशीचं वागणं बदलतं, कॅन्सरमध्येसुद्धा. हाच माझा विषय. आणि ते मोजायचं सोडून मी सवयीनं, ज्यात ते साठलं होतं ते पेशींचं जुनं द्रावणच फेकून दिलं.

विट्याला पप्पांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर परराज्यात सोनं गाळायचं गलाईचं दुकान चालवलं.

"आमी हात धुतल्यालं पाणीबी टाकत न्हाई, त्यात सोन्याचा कण असतोय. तू तर टाकाऊवरच शिकतीस न्हवं?"

मला हसूही येईना. मग तेच म्हणाले, "लय दमलीस का गं?"

चार वर्षं हाच प्रश्न मी पेशींना विचारतेय. तुम्हाला शेवटचं कुणी विचारलं होतं?