थंड दिसणारं लोखंड

अक्काला माल उतरवण्याच्या यार्डात सगळे ‘तापवाली’ म्हणत. माणसाचं अंग दुखलं की तो निदान सुट्टी तरी टाकतो. थकलेलं लोखंड तुटेपर्यंत ओझी उचलत राहतं, ही तिची नेहमीची कुरकुर. प्रत्येक हेलकाव्याला लोखंडात थोडी शक्ती मुरते आणि तिची किंचित ऊब होते. ती ऊब उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मोजायची आणि त्या लोखंडाचं आयुष्य किती उरलंय ते सांगायचं, हे तिचं काम. अशा कामात कौतुक कुठलं? वाईट बातमी आणणाऱ्याला चहा देतानाही लोकांचा हात आखडतो.

मग मोठी क्रेन तपासायची पाळी आली. त्या क्रेनवर तिचा सख्खा धाकटा भाऊ बसायचा. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं आणि अजूनही दोघं एकाच घरात राहत.

तिने क्रेनच्या हाताला, जोडाच्या जागी, काळा रंग फासला आणि एकच वजन पुन्हा पुन्हा वर-खाली करायला लावलं. बाकीचा हात जरासा कोमट होऊन थांबला. जोडापाशी एक ठिपका मात्र तापतच गेला. क्रेन आजच बंद करा, असं तिने लिहून दिलं.

“भाऊ बसतो म्हणून तुम्हाला जास्त भीती वाटते,” साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला.

त्या संध्याकाळी जेवताना भावाने विचारलं, “काळा रंग कशाला लावतेस गं?” अक्का हरखली. घरात तिच्या कामाची चौकशी कुणी कधी केली नव्हती. समोरचं पातेलं उचलून तिने समजावलं, “चकचकीत धातू ताप लपवतो. आतून कितीही तापलेला असला तरी कॅमेऱ्याला थंडच दिसतो.”

दुसऱ्या कंपनीच्या माणसाला रंग लावायचा कंटाळा. त्याने खालूनच कॅमेरा रोखला आणि क्रेन ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. भाऊ शीळ घालत घरी आला. त्याच्या नखांत काळी भुकटी होती.

“तो जोड घासलास तू?”

“आरशासारखा केला. क्रेन बंद झाली तर मला कोण ठेवणार, अक्का? दुसरं येतं काय मला?”

“अरे, ताप कमी नाही झाला. नुसता दिसेनासा झालाय.”

“मी रोज क्रेनवर चढतोय ना? काही झालं का?”

शेवटच्या दिवसापर्यंत काहीच होत नसतं, हे त्याला कसं सांगायचं? सकाळी अक्काने साहेबांना सगळं सांगून टाकलं. भावाच्या पोटावर आपण पाय आणतोय हे तिला कळत होतं, पण निदान क्रेन तरी थांबेल असं तिला वाटलं. तेलही गेलं, तूपही गेलं. भावाला त्याच दिवशी काढलं आणि क्रेन चालूच राहिली. “दुसरा अहवाल मंजूर झालाय,” साहेब म्हणाले. “बहीणभावाच्या भांडणात यार्ड बंद ठेवू का?” अक्काने सरकारी तपासणी कार्यालयात तक्रार केली, त्यांनीही ‘कळवू’ म्हणून बोळवण केली.

भाऊ आता ताट घेऊन आतल्या खोलीत जातो. अक्काला रडू येतं. आणि तो जिवंत आहे याचा तिला इतका आनंद होतो, की स्वतःचीच लाज वाटते.

परवा मोठ्या क्रेनच्या शिडीपाशी नवा क्रेनवाला भेटला. चांगला मिशीवाला, हसरा माणूस.

“ही क्रेन तुम्हीच मोजलीत ना, ताई? आधी कुणी चढायला तयार नव्हतं म्हणे. साहेब म्हणाले, तापवालीने स्वतः तपासलीय. म्हणून मी हो म्हटलं.”

अक्काने त्याची बाहीच धरली. “चढू नका. मी बंद करा म्हणून लिहून दिलं होतं.”

त्याचं हसू मावळलं. त्याने वर केबिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“किती महिने घरी बसून होतो, ताई,” तो म्हणाला. “बायकोला आत्ताच सांगून आलोय, काम मिळालं म्हणून.”

त्याने हलकेच बाही सोडवून घेतली आणि तो शिडी चढू लागला.