आमच्याकडे प्रवासी जमिनीवर सोडतात

मंडळी, "स्कायडायव्हिंगचं विमान उडवून पुढे चार्टरची, म्हणजे भाड्याच्या खासगी विमानांवरची नोकरी मिळते का?" असं इथे बरेच नवे पायलट मला विचारतात. आज सकाळी उत्तर मिळालं.

नारायण पेठेतल्या माझ्या काकांचं मत ठरलेलं होतं. "त्याच धावपट्टीवरून वर, त्याच धावपट्टीवर खाली. याला रिक्षावालासुद्धा अनुभव म्हणणार नाही."

परदेशात दोन वर्षं मी तेच केलं. पॅराशूट बांधून उड्या मारणाऱ्यांना वर न्यायचं, वेग कमी करायचा आणि मागे वळून ओरडायचं, "दार!" उडी मारायला जाताना प्रत्येक जण माझ्या खांद्यावर थाप मारायचा. मग उघड्या दारातून येणारा थंडगार वारा, आणि खाली येताना विमानात मी एकटी.

आज चार्टर कंपनीच्या चाचणीत शेजारी एक ज्येष्ठ कॅप्टन होते, मागे कंपनीचे दोघं. ठरलेल्या उंचीवर पोचलो आणि माझा हात आपोआप चालला. वेग कमी केला, मागे वळले आणि ओरडले, "दार!"

कॅप्टन शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, आमच्याकडे प्रवाशांना जमिनीवर सोडायची पद्धत आहे."

नोकरी गेली असं धरूनच मी आडव्या वाऱ्यात विमान टेकवलं. बेल्ट सोडता सोडता ते म्हणाले, "वाऱ्यात विमान उतरवण्यावर मात्र तुमचा हात चांगला बसलाय. सोमवारपासून या."

मी जागेवरच बसून राहिले. कितीतरी दिवसांनी, वर नेलेली सगळी माणसं माझ्यासोबतच खाली आली होती.

जाताना खांद्यावर थाप मात्र कोणी मारली नाही.