आईच्या नावापुढचे आकडे

मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये आईच्या नावापुढे सरांची लाल सही आहे. सही खरी आहे, नाव खरं आहे, फक्त आकडे आईचे नाहीत.

स्मरणाच्या प्रयोगाला घरचं माणूस चालतं, म्हणून मी आईला समोर बसवलं आणि दहा सोपे शब्द वाचून दाखवले. "आता तू माझी परीक्षा घेणार होय गं?" ती हसली. तिला दोन शब्द आठवले, चिमणी आणि कुलूप. मी तीच यादी पाच वेळा वाचली. पाचही वेळा चिमणी आणि कुलूप.

सर म्हणाले, "असा आलेख येत नाही. रेषा वर चढायला हवी. पुन्हा घे." शेजारी बसणारी सायली कुजबुजली, "वेडाबाई, माझे आकडे उतरव. सगळे तेच करतात."

मी उतरवले. वर्गातल्या सगळ्या जर्नलांत आता एकसारख्या रेषा वर चढतात. त्या पाहिल्या की वाटतं, कुणाच्याच घरी कुणी काही विसरत नाही. काही दिवस मलाही त्यांचा आधार वाटला. खऱ्या आकड्यांचा कागद मी घडी करून दप्तरात ठेवला होता. बाबांना तो दाखवायचं धाडस होत नव्हतं.

आज चहाचा कप माझ्यापुढे ठेवत आई म्हणाली, "तुला कॉलेजसाठी माझी कसलीशी परीक्षा घ्यायची होती ना? कधी घेतेस?"

मी म्हटलं, "बाबा आले की."