मोठ्या फादरांच्या ताटातला मासा

मिरचीमावशीला साक्षीला बोलावलंय म्हटल्यावर चर्चमधली अर्धी मंडळी धास्तावली. ही बाई खरं बोलायला लागली की तिला आवरायला देवच खाली यायला हवा. पण टाळणार कसं? वारलेल्या बिशपांना संत ठरवायचं तर त्यांच्या जवळच्यांची साक्ष लागते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढली ती हिनेच.

ती त्यांना मोठे फादर म्हणायची. नवरा गेला तेव्हा त्यांनीच तिला कामावर ठेवलं, स्वयंपाकघरामागची खोली दिली. पुढे तिची नणंदही विधवा होऊन तिथेच आली. दोघींचं जन्मभराचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण आता नणंदेचे गुडघे गेले होते आणि तिला उठवायला-बसवायला हीच एकटी होती.

चौकशी चालवत होते चरित्रवाले फादर. मोठ्या फादरांचं चरित्र तेच लिहीत होते, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याला संत हवा होता तो इस्त्री केलेला. साक्षीच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले, पांढऱ्या झग्याला ओट्याचं काही लागू नये म्हणून जपून उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, उद्या त्यांच्या उपवासांबद्दल सांगा. शुक्रवारी नुसत्या पाण्यावर राहायचे ना?"

"कोण? मोठे फादर? शुक्रवारी मासे असायचे. दोन तुकडे वाढले तर तिसरा मागायचे."

फादर हसले नाहीत. "हे ऐकून भाविकांना काय मिळणार? आणि हो, या इमारतीची दुरुस्ती निघते आहे. मागच्या खोल्यांमध्ये कोणाला ठेवायचं ते आमची समितीच ठरवेल."

शहाण्याला शब्दाचा मार. मावशीला कळायचं ते कळलं.

संध्याकाळी नणंदेने तोंड उघडलं. "सांग की उपाशी राहायचे म्हणून. मेलेल्या माणसाचे चार घास तू कमी केलेस तर त्याच्या पोटात दुखणार आहे का? हे गुडघे घेऊन मी जाऊ कुठे?" मावशीने तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. भीती तिलाही वाटत होती. या वयात डोक्यावरचं छप्पर गेलं तर कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शुभवर्तमानाच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. लांब टेबलापलीकडे चरित्रवाले फादर, समितीची मंडळी आणि लिहून घेणारे सचिव बसले होते. मावशीने सांगायला सुरुवात केली.

"एकदा माझ्या हातून मासा करपला. मोठे फादर दिवसभर पायपीट करून आलेले, भुकेने कावलेले, जेवायला पाहुणेही होते. त्यांनी ताट भिरकावलं. कालवण माझ्या अंगावर. मीही काही कमी नाही. म्हटलं, उद्यापासून स्वतः रांधा. आणि आत जाऊन रडले. बाहेर येऊन बघते तर बिशप गुडघ्यांवर बसून फडक्याने फरशी पुसतायत. म्हणाले, बाई, मला क्षमा कर. मी म्हटलं, आधी उठा, पाहुणे बघतायत. तर म्हणतात, ताट फेकलं तेव्हाही बघतच होते. त्यानंतर ते जेवणघरात कधी बसले नाहीत. आमच्यात ओट्याशी जेवायचे आणि आपलं ताट आपण घासायचे. अंथरुणाला खिळेपर्यंत."

साक्ष संपली की ती वाचून दाखवायची आणि साक्षीदाराने खाली सही करायची, अशी तिथली रीत. सचिव घसा खाकरून वाचू लागले. "बिशपमहोदय शुक्रवारी अन्नास स्पर्शही करीत नसत. त्यांचा स्वर कधी चढल्याचे मला स्मरत नाही. केवळ नम्रतेपोटी ते सेवकांसमवेत भोजन करीत."

"हे कोणाचं आहे?" मावशीने विचारलं.

"तुमचंच," चरित्रवाले फादर म्हणाले. "जरा नीट मांडलंय."

"आणि मासा कुठे गेला?"

"मावशी, संताने ताट फेकलं असं कधी ऐकलंय तुम्ही?"

"ताट काढलंत, मग क्षमा कशाची मागितली त्यांनी?" मावशी उभी राहिली. "आणि उपाशी राहून माणूस संत होत असेल, तर आधी माझ्या बापाची चौकशी लावा. आम्हा पोरांच्या तोंडात घास घालून तो आठवड्यातले चार दिवस उपाशी निजायचा. त्याची तसबीर कोणी लावली नाही."

फादरांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "सही केली नाहीत तर साक्ष रद्द होईल. खोलीचं मग माझ्या हातात राहणार नाही."

तिला नणंद आठवली. पेन तिने हातात घेतलं, टोपण लावलं आणि परत सरकवलं.

"देवाच्या पुस्तकावर शपथ तुम्हीच घ्यायला लावलीत. खोली ठेवा तुमची. नणंदेला मी पाठीवर घेऊन जाईन, वाटेत ती मला शिव्या देईल, त्याही खाईन. पण माझ्या मोठ्या फादरांना तुम्हाला असं पुळचट करू देणार नाही."

दुपार टळत आली होती आणि भुकेल्या मंडळींची नजर घड्याळाकडे वळू लागली होती. मावशीने स्वयंपाकघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"सकाळपासून इथेच बसले, चुलीवर भांडं चढलेलं नाही," ती म्हणाली. "आज उपवास करा. संत व्हाल."